ध्वनिफितीतील रेवा

एखाद्या मुलखाचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम सरकारी दफ्तरांकडे वळतो, मग जमाबंदीचे तक्ते, सनदा, निवाडे आणि वहिवाटीचे दाखले तपासतो, आणि ही सर्व कागदपत्रे हाताळून झाल्यावर, वेळ उरलाच तर, त्या मुलखातील लोक काय गात होते याची विचारपूस करतो. ही क्रमवारी सोयीची असली तरी न्याय्य नाही. जेथे शतकानुशतके लेखणीपेक्षा कंठावरच लोकांचा भरवसा होता, जेथे कित्येक गावांत मोजणीची साखळीच पोहोचली नाही आणि जमीन कसणाराचे नाव सातबाऱ्यावर चढावयास पिढ्या लोटल्या, तेथे दफ्तराबरोबर गाण्यालाही साक्षीस बोलावले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा, म्हणजे सातपुड्याच्या शेवटच्या रांगा उतरून गेल्यावर जेथे नर्मदेचे पात्र लागते तो काठ, हा असाच प्रदेश आहे; आणि त्या काठाविषयी आमच्या पिढीच्या कानी तरुणपणी जी साक्ष पडली ती कोणा शाहिराची किंवा कीर्तनकाराची नसून दिल्लीच्या एका रॉक बँडची होती, ही गोष्ट आज मागे वळून पाहताना जितकी विलक्षण वाटते तितकीच विचार करण्याजोगीही वाटते.

त्या बँडचे नाव 'इंडियन ओशन', आणि त्याच्या ज्या अल्बमविषयी हे लिहीत आहे त्याचे नाव 'कंदिसा'. टाइम्स म्युझिक या कंपनीने तो मार्च २००० मध्ये बाजारात आणला. त्यात रचना अवघ्या सात आहेत. शीर्षकगीत केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजात चालत आलेल्या अरामी भाषेतील प्रार्थनेवर उभारलेले आहे, 'हिल्ले ले' हे गोरख पांडे यांच्या भोजपुरी कवितेवरून घेतलेले आहे, आणि आरंभीचे गीत 'मा रेवा' हे नर्मदेचे स्तवन आहे. या अल्बमवर महाराष्ट्रातील पुष्कळ तरुणांनी जीव लावला. आमच्याकडच्या थोड्याफार तरुणांनीही लावला. ते प्रेम निखळ संगीताचे होते. त्या संगीतात आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासाचा एक दस्तऐवज बंदिस्त झालेला आहे, हे ध्यानात यावयास मात्र ती नदी थांबावी लागली.

कागदोपत्री पाहिले तर नंदुरबार हा महाराष्ट्रातील अलीकडच्या जिल्ह्यांपैकी एक. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला, १९०६ मध्ये त्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली, पश्चिम खानदेशास पुढे धुळे जिल्हा हे नाव मिळाले, आणि त्या धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके वेगळे काढून १ जुलै १९९८ रोजी नवा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु नकाशावर हद्द आखल्याने मुलूख एक होत नाही. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, तिच्यातील कापूस आणि केळी, नंदुरबारचा मिरचीचा बाजार, सुरतेकडे जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा जुना मार्ग आणि अहिराणी व गुजरी बोली हा एक मुलूख; सातपुडा चढून गेल्यावर लागणारा भिल्ल व पावरा समाजांचा, मक्याचा, मोहाचा आणि विरळ पाड्यांचा प्रदेश हा दुसरा. या दुसऱ्या मुलखात काठी, सिंगपूर, नाल, नवलपूर, गव्हाळी, चिखली येथील मेवासी सरदार आपापल्या परीने कारभार चालवीत असत. इंग्रजी अमदानीतही खालच्या मैदानातील जमाबंदीचे नियम तेथे जसेच्या तसे लागू झाले नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतरही महसूल खाते व वन खाते यांच्या दरम्यान तेथील कुळांची स्थिती बराच काळ अधांतरीच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर जंगल ठरली, आणि तिचा धनी अतिक्रमणदार ठरला.

या दुसऱ्या मुलखाच्या पायथ्याशी नर्मदा आहे. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंतच्या तिच्या १,३१२ किलोमीटरांच्या प्रवासात महाराष्ट्राच्या वाट्याला वायव्येची जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांची कड येते, आणि ती सगळीच्या सगळी नंदुरबार जिल्ह्याची. तथापि मैदानातील आम्हां लोकांची नदी ही नव्हे. आमची नदी तापी. तिच्या काठचे प्रकाशे हे आमचे क्षेत्र, दक्षिण काशी म्हणून आम्ही त्याचा अभिमान बाळगतो, आणि अस्थिविसर्जनापासून यात्रेपर्यंत आमचे सारे व्यवहार तिच्याशीच बांधलेले. नर्मदा ही आम्हांला ठाऊक होती ती परिक्रमेच्या कथांतून. शूलपाणीची झाडी, तीत परिक्रमावाशांस लुटणारे भिल्ल, आणि वस्त्रे देऊन, लंगोटी राखून पुढे जाणारा साधक, हे चित्र मराठी वाचकाच्या मनावर इतके ठसलेले आहे की, गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'सारख्या कादंबरीपासून जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत ज्यांनी ज्यांनी हे वाङ्मय वाचले, त्यांतील बहुतेकांना ही झाडी आपल्याच राज्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांना लागून आहे याची आठवणही राहत नाही. त्या वाङ्मयात काठावरचा आदिवासी वाटेत आडवा येतो आणि वाट संपताच नाहीसा होतो. तो तेथे राहतो कसा, पिकवतो काय, गातो काय, हे विचारावयास यात्रिकाला सवड नसते.

वस्तुतः हा जिल्हा गाण्याच्या बाबतीत दरिद्री कधीच नव्हता. होळीच्या दिवसांत सातपुड्यातील एकेका गावाची होळी क्रमाने पेटत जाते. काठीच्या राजवाडी होळीस रात्रभर ढोलांचा जो निनाद चाललेला असतो, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला घुंगरे व वाळलेले भोपळे आणि डोक्यावर उंच टोप अशा थाटात बुध्ये जे फेर धरतात आणि पहाटे होळी पेटेपर्यंत जे थांबत नाहीत, ते ज्याने एकदा पाहिले त्याला संगीत म्हणजे बसून ऐकावयाची वस्तू आहे असे पुन्हा म्हणवत नाही. ढोल, मांदळ, थाळी, बासरी, पावरी ही वाद्ये तेथे करमणुकीची साधने नसून पंचांगाची अंगे आहेत. कोणते वाद्य कोणत्या ऋतूत हाती घ्यावयाचे आणि कोणत्या ऋतूत खुंटीला टांगावयाचे, याचेही दंडक आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या जिल्ह्यात समाजाला हलविणारी प्रत्येक मोठी चळवळ गाण्याच्याच वाटेने आली. १९३० नंतरच्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी आणि त्यांच्या पश्चात त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरतीच्या निमित्ताने हजारो भिल्लांना एकत्र आणले. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, परस्परांना 'आप' म्हणून मान द्यावा, असा उपदेश त्या सामुदायिक आरतीतून घरोघर गेला, आणि एवढा मोठा जमाव नुसता आरती म्हणावयास जमतो याचीच सरकारला धास्ती वाटून रामदास महाराजांना हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला. पुढे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवरील हल्ल्याचे प्रकरण घडले, १९७२ मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली, आणि अंबरसिंग सुरतवंती हा भजने म्हणणारा तरुण सालदारांचा व भूमिहीनांचा नेता झाला. बाहेरून आलेल्या सुशिक्षित कार्यकर्त्यांची पत्रके लोकांपर्यंत पोहोचण्याआधी अंबरसिंगांचा आवाज पोहोचत असे. १९७४ मध्ये ते अकाली गेले. सांगावयाचे तात्पर्य असे की, नर्मदेचे आंदोलन या जिल्ह्यात आले तेव्हा गाण्याने माणसे जोडण्याची रीत त्याला नव्याने घालावी लागली नाही.

ते आंदोलन ज्या प्रकरणातून उद्भवले त्याची कुळकथा मात्र निव्वळ दफ्तरी आहे. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गुजरातेत नर्मदेवरील धरणाची कोनशिला बसली. राज्याराज्यांतील पाण्याचा तंटा मिटेना म्हणून १९६९ मध्ये लवाद नेमला गेला. आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याने निवाडा दिला. धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. नर्मदेच्या खोऱ्यातील वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून त्यातील १८.२५ मध्य प्रदेशास, ९ गुजरातेस, ०.५ राजस्थानास आणि ०.२५ महाराष्ट्रास अशी वाटणी झाली. विजेतील महाराष्ट्राचा हिस्सा २७ टक्के ठरला. त्या हिश्श्याचे मोल म्हणून अक्राणी व अक्कलकुव्यातील ३३ गावे बुडिताखाली जावयाची होती. जमिनीच्या मोबदल्यात जमीन, खातेदार कुटुंबास किमान दोन हेक्टर, हे तत्त्व लवादाने घालून दिले होते, आणि ते त्या काळाच्या मानाने उदारही होते. परंतु ज्याचे खातेच दफ्तरात नाही त्याला खातेदार कोणी म्हणावे, हा पेच त्या निवाड्याने सुटत नव्हता, आणि सातपुड्यात तर अशांचीच वस्ती दाट होती.

म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास मेधा पाटकर या भागात आल्या तेव्हा पहिले काम हक्कांच्या याद्या करण्याचे, मोजणीची मागणी करण्याचे आणि माहिती मिळविण्याचे होते. नर्मदा धरणग्रस्त समिती त्या कामातून उभी राहिली, आणि तिन्ही राज्यांतील प्रयत्न एकत्र येऊन नर्मदा बचाव आंदोलन झाले. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले होते. १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेल्या रकमेवरील हक्क सोडला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेली या अक्कलकुवा तालुक्यातील गावात पाणी शिरले. महाराष्ट्रात बुडिताचा पहिला तडाखा या गावाने सोसला. जवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन देवालयही पुढे पाण्याखाली गेले, आणि देवाची स्थापना गुजरातेत नव्या मंदिरात करावी लागली. मणिबेलीचे नाव मात्र दूरदेशी पोहोचले. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा पुरवू नये असा जो जाहीरनामा काढला त्याला या डोंगरातल्या पाड्यांच्या गावाचेच नाव देण्यात आले.

याच वर्षांत देशातील निरनिराळ्या शहरांतून पुष्कळ तरुण या खोऱ्यात येत होते. त्यांच्यात राहुल राम हा एक. कानपूरच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकून, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्राची डॉक्टरेट मिळवून परतलेला हा विद्वान प्रयोगशाळेत न रमता आंदोलनात कार्यकर्ता झाला आणि त्याच सुमारास दिल्लीत सुस्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या बँडमध्ये बास गिटार वाजवू लागला. १९९४ मध्ये अमित किलम हा ड्रमवादक येऊन मिळाला आणि चौघांचा संच पुरा झाला. १९९३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला होता. १ जानेवारी १९९७ रोजी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातील वादनाचे ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' म्हणून प्रसिद्ध झाले. आणि त्यानंतर 'कंदिसा'. नर्मदाकाठी ऐकलेले रेवेचे लोकगीत राहुल रामच्या कंठातून त्या अल्बमच्या अग्रभागी येऊन बसले. खोऱ्यातून दिल्लीस नाना प्रकारचे अर्ज, निवेदने आणि शिष्टमंडळे गेली, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरेही आली नाहीत. हे गाणे मात्र गेले, आणि परतही आले.

त्या काळी रॉक म्हटले की मराठी तरुणाच्या मनात मुंबई येई. १९८४ मध्ये स्थापन झालेले 'रॉक मशीन', पुढे त्याचेच झालेले 'इंडस क्रीड', १९८६ पासून भरू लागलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव, रंगभवनातील गर्दी आणि इंग्रजी गाणी, ही सारी दूरच्या शहराची आणि दूरच्या भाषेची दौलत होती. 'इंडियन ओशन'ने जे केले ते निराळे होते. सुस्मित सेनच्या गिटारमध्ये कर्कश आरडाओरड नव्हती, तर आलापाची सावकाश उकल होती. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवीत आणि त्याच वेळी गात. किलम ड्रमबरोबर गबगुबी हे बाउलांचे वाद्यही हाती घेई. आणि या सर्वांच्या तळाशी राहुल रामच्या बास गिटारचा खर्ज, जो 'मा रेवा'त नदीच्या पात्रासारखा एका गतीने वाहत राहतो. हे गीत ऐकणाऱ्यास शब्दांचा अर्थ कळावयाच्या आधी गती कळते. वाहण्याची ही जाणीव, पाणी पुढे जात आहे, थांबलेले नाही, ही जाणीव, त्या रचनेचा प्राण आहे.

आमच्या भागात तो अल्बम आला तो आडवाटेने. नंदुरबार आणि शहाद्याच्या बाजारपेठेत कॅसेटच्या दुकानांना तेव्हा बरकत होती. हिंदी चित्रपटांची गाणी, अहिराणी गाण्यांच्या आणि भजनांच्या कॅसेटी, लग्नसराईत बँडवाल्यांच्या उपयोगी पडणारी लोकप्रिय चालींची संकलने, हा त्यांचा मुख्य माल. आणि कोऱ्या कॅसेटवर गिऱ्हाइकाच्या यादीबरहुकूम गाणी भरून देणे हा त्यांचा जोडधंदा. रॉक संगीत तेथे विकावयास ठेवण्याचे कोणास कारणच नव्हते. ते येई सुरत, नाशिक किंवा पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलांच्या सुटकेसांतून. एक मूळ कॅसेट आली की तिच्या नकला होत, नकलांच्या नकला होत, आणि प्रत्येक पिढीत आवाजाचा थोडासा अंश झडत जाई. मीही त्या वेळी पुण्यास शिकत होतो आणि वसतिगृहातील एका मित्राच्या खोलीत हा अल्बम प्रथम ऐकला. दिवाळीत गावी ती कॅसेट नेली तेव्हा विजेच्या लपंडावामुळे टेपरेकॉर्डरात सेल घालून, गच्चीवर बसून आम्ही ती ऐकत असू, आणि सेल उतरू लागले की रेवेचा प्रवाह आपोआप संथ होई. उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसत होती. तिच्या पलीकडे, धडगावहून खाली उतरल्यावर, हीच नदी आहे आणि तिच्या काठी त्याच दिवसांत काही घडत आहे, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचीत होतो. पण वर्तमानपत्रातील नर्मदा आणि कॅसेटमधील रेवा यांची गाठ आमच्या मनात पडत नव्हती, कारण एक खटला होती आणि दुसरी गाणे होती.

त्या काठी घडत होते ते असे. १९९५ पासून न्यायालयीन स्थगितीमुळे ८०.३ मीटरांवर थांबलेले धरणाचे काम १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि अक्राणी तालुक्यातील डोमखेडी हे सत्याग्रहाचे ठाणे बनले. त्या पावसाळ्यात वाढत्या पाण्यात लोक उभे राहिले. अरुंधती रॉय यांच्या दीर्घ निबंधामुळे देशोदेशीचे पत्रकार आले. त्याच खेड्यात ओढ्याच्या पाण्यावर चालणारा छोटासा वीजप्रकल्पही केरळातील तंत्रज्ञांच्या मदतीने उभारण्यात आला, ज्या धरणातून महाराष्ट्राला २७ टक्के वीज मिळावयाची होती त्याच्या बुडितात येणाऱ्या गावात. चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांतून मुले आपल्या बोलीतून अक्षरे गिरवीत होती. मार्च २००० मध्ये 'कंदिसा' निघाला, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाच्या बाजूने फैसला दिला. न्यायमूर्ती भरुचा यांनी भिन्न मत नोंदविले, परंतु भिन्न मताने पाणी अडत नाही. पुढची वाटचाल आकड्यांनी सांगता येते: २००६ मध्ये उंची १२१.९२ मीटर झाली, २०१४ मध्ये दरवाजे बसविण्यास अनुमती मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी लोकार्पण झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरांपर्यंत भरला.

एका वर्षाच्या अवधीत नदीचे वाहणे ध्वनिफितीवर उमटावे आणि तिच्या थांबण्यावर न्यायालयाची मोहोर उठावी, हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नव्हता. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. आज भूषा, भादल किंवा मणिबेलीच्या बाजूला जाणारा मनुष्य विस्तीर्ण, निश्चल जलाशय पाहतो. पाड्यांकडे जावयास होडी लागते, आजाऱ्यांसाठी तरंगता दवाखाना पाण्यावरून फिरतो, आणि जेथे वाळूत कलिंगडे पिकत तेथे विस्थापितांच्या मासेमारीची जाळी पडतात. या पाण्याने दूरवर कच्छ-सौराष्ट्रातील तहान भागविली, हे नाकारण्याचे कारण नाही; तो हिशेब मोठा आहे आणि त्यात जमेची बाजूही आहे. तथापि येथे नदी वाहत होती ही गोष्ट आता नव्या पिढीला सांगूनच पटवावी लागते. लवादाच्या निवाड्यात पाण्याचे माप आहे, बुडीतरेषा आहे, हेक्टर आहेत, वेग नाही. वेगाची नोंद करणे हे दफ्तराचे काम नव्हे. ती नोंद 'मा रेवा'त राहिली, आणि म्हणून तरुणपणी केवळ आवडीने ऐकलेले ते गाणे आज साक्षीपुराव्याच्या योग्यतेचे ठरते.

परंतु साक्षीदार कितीही प्रिय असला तरी त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. 'मा रेवा'तील नर्मदा ही माता आहे, पावन करणारी आहे, भक्ताच्या ओंजळीतली आहे. ही भावना खोटी नव्हे, परंतु ती मुख्यतः नदीच्या वरच्या अंगाची, निमाडच्या शेतकऱ्याची आणि परिक्रमावाशाची आहे. गाण्याच्या भाषेचे वळणही निमाडकडचेच आहे. सातपुड्यातल्या काठाची नर्मदा याहून निराळी. भिल्ल, भिलाला आणि पावरा समाजांत 'गायणा' म्हणून सृष्टीच्या उत्पत्तीचे जे दीर्घ गान रात्र रात्र चालते, त्यात नदी ही पूजेची मूर्ती नसून कथेतले पात्र असते. डोंगर, धान्य, माणसे आणि देव यांच्या बरोबरीने ती जन्माला येते, वाट शोधते आणि आपली जागा घेते. अमिता बाविस्कर यांनी पलीकडच्या तीरावरील अलिराजपूरच्या भिलालांमध्ये राहून १९९५ मध्ये जो 'इन द बेली ऑफ द रिव्हर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या गायण्याची दखल घेतलेली आहे. राजकारणालाही मातेचे स्तवन अधिक सोयीचे पडले असावे, कारण ते दिल्ली-मुंबईच्या श्रोत्याला चटकन उमजते. गायणा उमजावयास रात्र जागावी लागते. 'इंडियन ओशन'ने २००३ च्या 'झीनी' या अल्बमात 'चीतू' हे अलिराजपूरकडच्या बंडखोर नायकाचे आदिवासी गीत घेतले, म्हणजे ही उणीव त्यांनाही जाणवली असेल असे मानावयास जागा आहे. तथापि आमच्या काठाचा स्वतःचा सूर 'कंदिसा'त नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवणे प्राप्त आहे.

आणि दोष त्या बँडचा नाही. डोंगरापलीकडच्या नदीचे गाणे नंदुरबार-शहाद्याच्या तरुणांना दिल्लीच्या वाटेने, पुण्याच्या वसतिगृहातून आणि नकलेच्या नकलेतून मिळावे, याचा अर्थ मधल्या सातपुड्याची उंची आम्ही कधी चढलोच नव्हतो असा होतो. मैदानातील सुखवस्तू समाजाने वरच्या मुलखाकडे सालदार आणि ऊसतोडीचे मजूर मिळण्याचे ठिकाण म्हणून पाहिले. त्याच्या होळीकडे फार तर तमाशा म्हणून पाहिले. त्याच्या गाण्याकडे पाहिले नाही. विस्थापितांना तळोद्याच्या जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करून वसविण्यात आले तेव्हा तो मुलूख आपण होऊन आमच्या अंगणात उतरला. सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशी त्या वसाहतींची नावे. रेवानगरात रेवा नाही. कूपनलिका आहेत, आखीव रस्ते आहेत, मालकीचे सातबारे आहेत, आणि नदीच्या काठी शिकलेली गाणी म्हणणारी वडीलधारी माणसे आहेत. ज्या समाजाला शतकभर कागदाने नाकारले त्याला अखेर कागद मिळाला, पण तो नदीच्या बदल्यात मिळाला, हा व्यवहार किफायतीचा झाला की तोट्याचा, याचा निकाल देण्याचा अधिकार केवळ त्या माणसांचा आहे.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले, आणि 'कंदिसा' निर्माण करणारा संच आता केवळ ध्वनिमुद्रणातच एकत्र ऐकावयास मिळतो. कॅसेटची दुकानेही गेली. त्यांच्या जागी मोबाइल दुरुस्तीची दुकाने आली आणि त्या मोबाइलांवर आज धडगाव, अक्कलकुवा, तळोदे येथील तरुणांनी स्वतः रचलेली, स्वतः गायिलेली, ढोलाच्या ठेक्याला की-बोर्डची जोड दिलेली भिली आणि पावरी गाणी लाखो लोक ऐकतात. लग्नात, होळीत, जीपगाड्यांत तीच वाजतात. आमच्या पिढीतील रसिकांना त्यांतील पुष्कळशी गाणी गोंगाटाची वाटतात, आणि संगीत म्हणून 'मा रेवा'च्या शेजारी बसविण्याजोगे त्यांत फारसे सापडणारही नाही. परंतु 'कंदिसा'ला जे साधले नाही, आणि बाहेरून आलेल्या कोणालाच साधण्यासारखे नव्हते, ते या गाण्यांनी सहज साधले आहे: ज्यांचा काठ गेला तेच आता गात आहेत, आपल्या बोलीत गात आहेत, आणि ते ऐकावयास त्यांना दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.